समच्छेद पूर्णांकयुक्त अपूर्णांकांची वजाबाकी : पाचवी-सहावीच्या मुलांना ती कशी शिकवावी

सुताराच्या टेपवर प्रत्येक इंचाचे आठ समान भाग केलेले असतात आणि त्यांतील एका भागाला सुतार, गवंडी, नळकाम करणारे असे सगळेच कारागीर ‘सूत’ म्हणतात. पाच इंच तीन सूत लांबीच्या लाकडी पट्टीतून दोन इंच सात सूत लांबीचा तुकडा कापला, तर किती पट्टी उरेल, हा प्रश्न शाळेच्या वहीत ५ ३/८ − २ ७/८ असा लिहिला जातो. (करवतीखाली भुसा होऊन जाणारे लाकूड येथे हिशेबात धरलेले नाही.) कारागीर याचे उत्तर बोलता बोलता सांगतो, कारण एक इंच मोडला की आठ सूत मिळतात हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. मुलाला मात्र नेमके हेच ठाऊक नसते, किंवा ठाऊक असले तरी वजाबाकी करताना ते आठवत नाही. या प्रकारच्या उदाहरणांत होणाऱ्या बहुतेक चुका या एकाच जागी होतात. म्हणून पालकांनी आणि शिक्षकांनी आपला बराचसा वेळ याच जागी द्यावा, असे माझे ठाम मत आहे. बाकीचा भाग मुले लवकर आत्मसात करतात.

आधी लेखनाविषयी थोडेसे. टंकलेखनाच्या सोयीसाठी येथे ‘पाच पूर्णांक तीन छेद आठ’ ही संख्या ५ ३/८ अशी लिहिली आहे. मुलांच्या वहीत मात्र तिरकी रेघ वापरू देऊ नये. पूर्णांक थोडा मोठा काढावा, त्याच्या उजवीकडे आडवी रेघ मारावी, रेघेच्या वर अंश आणि खाली छेद लिहावा, आणि ही आडवी रेघ पूर्णांकाच्या मध्यावर यावी. घाईने लिहिलेली ५ ३/८ ही संख्या दोन ओळींनंतर त्याच मुलाला ५३/८ अशी दिसते आणि पुढचे सगळे गणित त्या चुकीवर उभे राहते.

या लेखनपद्धतीत एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, ती मुलांना सांगावीच लागते: पूर्णांक आणि अपूर्णांक यांच्यामध्ये अधिकचे चिन्ह असते, फक्त ते लिहिले जात नाही. भास्कराचार्यांच्या काळी पूर्णांक सर्वांत वर, त्याखाली अंश आणि त्याखाली छेद, असे तिन्ही अंक मध्ये रेघ न मारता एकाखाली एक मांडत. तेथेही ही बेरीज वाचणाऱ्याने समजून घ्यायची असे. म्हणून सुरुवातीचे काही दिवस प्रत्येक पूर्णांकयुक्त अपूर्णांक ५ + ३/८ असा सोडवून लिहवून घ्यावा. पुढे बीजगणितात दोन अक्षरे शेजारी शेजारी लिहिली की त्यांचा गुणाकार समजतात, आणि तेव्हा गोंधळ होऊ नये यासाठीही ही सवय उपयोगी पडते.

छेद भागांचा प्रकार सांगतो आणि अंश त्या भागांची संख्या सांगतो, एवढे मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजे. ज्याला ते सांगता येत नाही, तो ७/८ − ३/८ याचे उत्तर ४/० असे लिहितो. अंशातून अंश वजा केला, तर छेदातून छेद का नाही, असा त्याचा सरळ विचार असतो. त्याला नियम पाठ करायला लावण्यापेक्षा ‘सात सुतांतून तीन सूत गेले, किती सूत उरले?’ असे विचारावे. ‘चार सूत’ हे उत्तर तो आपणहून देतो, आणि सुताचे सूतच राहिले, म्हणजे आठाचा छेद आठच राहिला, हे त्याच्या लगेच लक्षात येते.

सोपा प्रकार

वरच्या अपूर्णांकाचा अंश खालच्या अंशापेक्षा मोठा किंवा त्याच्याइतका असेल, तर सांगण्यासारखे फार काही नाही. पूर्णांकातून पूर्णांक आणि अपूर्णांकातून अपूर्णांक वजा करावा.

५ ७/८ − २ ३/८
= (५ − २) + (७/८ − ३/८)
= ३ + ४/८
= ३ ४/८ = ३ १/२

शेवटच्या पायरीत ४/८ चे अतिसंक्षिप्त रूप १/२ केले आहे. ज्या मुलाने ३ ४/८ येथे थांबून उत्तर दिले, त्याची वजाबाकी बरोबर आहे. त्याला अंश आणि छेद यांना एकाच संख्येने भागण्याची आठवण करून द्यावी, पण उत्तरावर चुकीची फुली मारू नये. वजाबाकी येणे आणि संक्षिप्त रूप देता येणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, आणि एकातील उणीव दुसऱ्याच्या माथी मारली की मुलाला आपले नेमके काय चुकले ते कळेनासे होते.

या सोप्या प्रकारातही अशी काही उदाहरणे मुद्दाम द्यावीत, ज्यांच्या उत्तरात एखादा भाग नाहीसा होतो. ७ ४/९ − २ ४/९ याचे उत्तर ५ आहे, ‘५ ०/९’ असे लिहिण्याची गरज नाही. आणि ३ ५/६ − ३ १/६ याचे उत्तर ४/६, म्हणजेच २/३ आहे, त्यापुढे पूर्णांकाच्या जागी शून्य लिहायचे नाही.

एक पूर्ण मोडण्याचा प्रकार

आता ५ ३/८ − २ ७/८ हे उदाहरण घेऊ. येथे तीन सुतांतून सात सूत काढायचे आहेत आणि तेवढे सूत वर नाहीत. हे उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवण्याआधी कागदाच्या पट्ट्यांवर करून घ्यावे. जाड कागदाच्या २४ सेंटिमीटर लांबीच्या सहा पट्ट्या कापाव्यात. प्रत्येक पट्टी मधोमध दुमडावी, दुमडलेली पुन्हा दुमडावी आणि आणखी एकदा दुमडावी. उलगडली की आठ सारखे भाग दिसतात आणि प्रत्येक भाग ३ सेंटिमीटरचा भरतो. पाच पट्ट्या अखंड ठेवाव्यात आणि सहाव्या पट्टीतून तीन भागांचा तुकडा कापून घ्यावा. मुलासमोर आता ५ ३/८ पट्ट्या आहेत.

त्यातून २ ७/८ काढून बाजूला ठेवण्यास सांगावे. मूल दोन अखंड पट्ट्या लगेच उचलते आणि मग थांबते, कारण सात भाग हवे आहेत आणि सुटे तीनच आहेत. येथे मोठ्यांनी बोलू नये. थोडा वेळ मिळाला की मूल कात्री मागते, आणि त्यानंतर ते दोनपैकी एक गोष्ट करते. काही मुले एक अखंड पट्टी घड्यांवर कापून तिचे आठ भाग करतात, ते आधीच्या तीन भागांत मिसळतात, अकरा भागांतून सात उचलतात आणि चार उरले असे सांगतात. दुसरी मुले अखंड पट्टीतून सात भागांचा एक सलग तुकडा कापून घेतात, उरलेला एक भाग त्या तिघांशेजारी ठेवतात आणि तेही चार उरले असेच सांगतात. अखंड पट्ट्या दोन शिल्लक असतात, म्हणून उत्तर २ ४/८. दुसरी रीत पाठ्यपुस्तकात दिसत नाही म्हणून ती थोपवू नये. ती पूर्णपणे बरोबर आहे आणि तोंडी हिशेबात पहिल्या रीतीपेक्षा सोपी पडते.

कात्रीने केलेले काम आता वहीत उतरवायचे आहे. घाई न करता प्रत्येक पायरी लिहून घ्यावी.

५ ३/८ = ४ + १ + ३/८
= ४ + ८/८ + ३/८
= ४ + ११/८
= ४ ११/८

म्हणून

५ ३/८ − २ ७/८
= ४ ११/८ − २ ७/८
= २ ४/८
= २ १/२

४ ११/८ हे रूप पाहून काही मुले अडखळतात, कारण अंशाधिक अपूर्णांक दिसला की त्याचे रूपांतर करावे असे त्यांना शिकवलेले असते. अंतिम उत्तर तसे ठेवू नये हे खरे, परंतु गणिताच्या मध्यावर ते ठेवण्यात काहीच गैर नाही, हे त्यांना स्पष्टपणे सांगावे. संख्या तीच आहे, फक्त तिची मांडणी आपल्या सोयीसाठी बदलली आहे. वजाबाकीशिवाय नुसते रूपांतराचे तोंडी प्रश्न रोज पाच मिनिटे घेतले, तर ही पायरी पक्की होते: ४ म्हणजे ३ आणि किती पंचमांश? ७ २/३ म्हणजे ६ आणि किती तृतीयांश? ज्या मुलाला ‘६ ५/३’ हे न अडखळता सांगता येते, त्याच्यासाठी पुढची वजाबाकी अवघड राहत नाही.

तीन चुका आणि त्यांचे मूळ

पहिली आणि सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे ५ ३/८ − २ ७/८ = ३ ४/८. मुलाने पाचातून दोन वजा केले, आणि तीनातून सात जात नाहीत म्हणून सातातून तीन वजा केले. ४२ − १७ चे उत्तर ३५ लिहिणारे मूल जी चूक करते, तीच ही चूक आहे. ती शोधण्यासाठी अंदाज हे उत्तम साधन आहे. २ ७/८ ही संख्या जवळजवळ ३ आहे, ५ ३/८ ही पाचाहून थोडी मोठी आहे, तेव्हा उत्तर दोनाच्या थोडे पुढे असायला हवे; साडेतीन येणे शक्य नाही. उदाहरण सोडवण्याआधी असा अंदाज समासात लिहिण्याची सवय लावावी.

दुसरी चूक अधिक फसवी आहे, कारण मुलाने पद्धत बरोबर वापरलेली असते. पाचातला एक घेतला, पाचाचे चार झाले, आणि तो एक तीनाशेजारी लिहून १३ केले: ४ १३/८ − २ ७/८ = २ ६/८. हातच्याच्या वजाबाकीत एक दशक सुटा केला की दहा एकक मिळतात, आणि वर्षानुवर्षांची ही सवय हात आपोआप चालवतो. येथे सुटा झालेला एक दशक नसून एक पूर्ण आहे, आणि त्याचे किती भाग होतील हे छेद ठरवतो: छेद आठ असेल तर आठ, पाच असेल तर पाच, बारा असेल तर बारा. चुकलेल्या मुलाला ‘पट्टी कापल्यावर किती तुकडे झाले होते?’ एवढेच विचारावे. या चुकीमुळेच माझी शिक्षकांना एक विनंती आहे की, सुरुवातीच्या सरावात छेद १० असलेली उदाहरणे देऊ नयेत. ७ १/१० − ३ ९/१० या उदाहरणात चुकीच्या सवयीनेही ६ ११/१० हेच रूप मिळते आणि उत्तर ३ १/५ बरोबर येते, त्यामुळे मुलाची चूक झाकली जाते आणि आपल्याला तिचा पत्ताच लागत नाही. छेद ५, ७, ८, ९, १२ घेतले की ती लगेच उघडी पडते.

तिसरी चूक पूर्ण संख्येतून पूर्णांकयुक्त अपूर्णांक वजा करताना होते. ४ − १ २/५ या उदाहरणात वरच्या संख्येला अपूर्णांक नाही, म्हणून मूल चारातून एक वजा करते, २/५ तसेच खाली उतरवते आणि ३ २/५ असे उत्तर लिहिते. येथे वर शून्य पंचमांश आहेत आणि त्यांतून दोन काढायचे आहेत, हे लक्षात आले की एक पूर्ण मोडावा लागणार हे उघड होते:

४ − १ २/५
= ३ ५/५ − १ २/५
= २ ३/५

याउलट ६ २/७ − ४ यात काहीच मोडावे लागत नाही. उत्तर २ २/७. ही दोन उदाहरणे एकाच दिवशी, एकाखाली एक द्यावीत, म्हणजे मूल सवयीने न सोडवता आधी उदाहरणाकडे पाहायला शिकते.

अंशाधिक अपूर्णांकांची रीत, आणि तिच्याहून सोप्या दोन

अनेक ठिकाणी दोन्ही संख्यांचे अंशाधिक अपूर्णांक करून वजाबाकी करण्याची रीतच एकमेव म्हणून शिकवली जाते. आपल्या उदाहरणात ५ ३/८ चे ४३/८ आणि २ ७/८ चे २३/८ होतात. वजाबाकी २०/८, म्हणजे २ ४/८, म्हणजेच २ १/२. या रीतीत काही मोडावे लागत नाही आणि ती प्रत्येक उदाहरणात चालते, हा तिचा गुण आहे. शिवाय पूर्णांकयुक्त अपूर्णांकांच्या गुणाकारासाठी आणि भागाकारासाठी हे रूपांतर लागतेच, तेव्हा ती शिकवायला हवी. परंतु ती पहिली शिकवू नये. संख्या थोड्या मोठ्या झाल्या की ती फार श्रमाची होते: २७ ४/१५ − १८ ११/१५ साठी मुलाला ४०९/१५ − २८१/१५ = १२८/१५ करून पुन्हा पंधराने भागावे लागते, तर एक पूर्ण मोडून २६ १९/१५ − १८ ११/१५ = ८ ८/१५ हे उत्तर एका ओळीत मिळते. शिवाय गुणाकार-भागाकाराच्या या व्यापात संख्या केवढी आहे याचे भान सुटते आणि अंदाज घेण्याची सवय मोडते.

पुढे मोजत जाण्याची रीत मात्र प्रत्येक मुलाला यावी. २ ७/८ पासून ३ पर्यंत १/८, तीनापासून पाचापर्यंत २, आणि पाचापासून ५ ३/८ पर्यंत ३/८. एकूण २ ४/८. संख्यारेषेवर हे तीन टप्पे उडीसारखे काढून दाखवता येतात. मराठी घरांत ही रीत आजही तोंडी वापरली जाते. सव्वासहा मीटर कापडातून पावणेचार मीटर कापून दिले, तर उरलेले कापड सांगताना कोणी ६ १/४ − ३ ३/४ असे मांडत नाही. पावणेचाराला पाव मिळाला की चार, चाराला सव्वादोन मिळाले की सव्वासहा, म्हणून पाव आणि सव्वादोन मिळून अडीच मीटर. मुलाने हे तोंडी करावे आणि मग वहीत ५ ५/४ − ३ ३/४ = २ २/४ = २ १/२ असे लिहून ताळा पाहावा. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांचे तोंडी हिशेब ज्या घरांत अजून होतात, तेथे मुलांना त्यांत सहभागी करून घ्यावे.

दुसरी रीत दोन्ही संख्यांत सारखीच भर घालण्याची. दोन संख्यांत तेवढेच मिळवले तर त्यांतील फरक बदलत नाही. २ ७/८ मध्ये १/८ मिळवले की ३ होतात. ५ ३/८ मध्येही १/८ मिळवावे, म्हणजे ५ ४/८. आता ५ ४/८ − ३ = २ ४/८, आणि काही मोडावे लागले नाही. ही रीत वर्गातील सगळ्यांना लगेच पटते असे नाही, म्हणून ज्यांची मूळ पद्धत पक्की झाली आहे त्यांनाच ती दाखवावी.

शाब्दिक उदाहरणे आणि सराव

शाब्दिक उदाहरणांत ‘उरले किती’ हा शब्दप्रयोग असला की मुले वजाबाकी ओळखतात, पण तुलना आणि कमी पडणारा भाग या दोन प्रकारांत फसतात. ‘एका घागरीत ४ १/५ लीटर पाणी मावते, तिच्यात १ ३/५ लीटर पाणी आहे, घागर भरण्यासाठी आणखी किती पाणी ओतावे?’ या प्रश्नात ‘आणखी’ हा शब्द दिसताच कित्येक मुले बेरीज करतात. त्यांना घागरीचे चित्र काढायला लावावे आणि भरलेला भाग रंगवायला सांगावा. रिकामा राहिलेला भाग हेच उत्तर आहे हे चित्रच सांगते. मग ३ ६/५ − १ ३/५ = २ ३/५ लीटर हे गणित त्याला आपणहून सुचते.

घरात जुन्या पिढीतील कोणी असेल, तर आण्यांचे हिशेब विचारावेत. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणेपद्धती सुरू झाली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे होत. पाच रुपये तीन आण्यांतून दोन रुपये सात आणे वजा करायचे म्हणजे ५ ३/१६ − २ ७/१६ हीच वजाबाकी होय. एक रुपया मोडला की सोळा आणे मिळाले, तीन मिळून एकोणीस झाले, त्यांतून सात गेले, बारा आणे उरले. उत्तर दोन रुपये बारा आणे, म्हणजे पावणेतीन रुपये. मोडलेल्या एका रुपयाचे दहा भाग झाले नाहीत, सोळा झाले, हे मुलाला अशा हिशेबात प्रत्यक्ष दिसते.

प्रत्येक उत्तराचा ताळा बेरजेने करावा: २ ७/८ + २ ४/८ = ४ ११/८ = ५ ३/८. ताळा करताना मोडलेला पूर्ण पुन्हा जोडला जातो, त्यामुळे तीच क्रिया उलट्या दिशेनेही पक्की होते.

सरावासाठी उदाहरणे या क्रमाने द्यावीत. प्रथम ८ ५/७ − ३ २/७, ज्याचे उत्तर ५ ३/७ येते. मग ६ − २ ३/४, उत्तर ३ १/४. त्यानंतर ९ २/५ − ४ ४/५, ज्यात ८ ७/५ करून ४ ३/५ हे उत्तर मिळते. आणि मग ४ १/१२ − ३ ७/१२, ज्यात ३ १३/१२ केल्यावर पूर्णांक संपतो आणि ६/१२, म्हणजे १/२ उरते. ही चारही उदाहरणे कोणाच्याही मदतीशिवाय जमली, की एक रिकामी चौकट द्यावी: कोणत्या संख्येतून २ ५/९ वजा केले असता ३ ७/९ उरतात? येथे वजाबाकी न करता बेरीज करायची आहे हे ज्याने ओळखले आणि ५ १२/९ वर न थांबता ६ ३/९, म्हणजेच ६ १/३ हे उत्तर काढले, त्याला भिन्न छेदांच्या अपूर्णांकांकडे नेण्यास हरकत नाही. ज्याला ते जमले नाही, त्याच्यासमोर पुन्हा कागदाच्या पट्ट्या ठेवाव्यात, फक्त या वेळी नऊ भागांच्या. नऊ भाग दुमडून नेमके होत नाहीत, म्हणून २७ सेंटिमीटर लांबीची पट्टी घेऊन दर तीन सेंटिमीटरवर पट्टीने खूण करून द्यावी.